पाचामुखी परमेश्वर? : मतांकनाद्वारे प्राधान्यक्रम ठरविणाऱ्या गटपद्धतींची चिकित्सा

सारांश

गटचर्चेतून पुढे आलेल्या कल्पनांचा प्राधान्यक्रम मतांकनाने ठरविण्याची पद्धत महाविद्यालयीन कार्यशाळांपासून ग्रामनियोजनापर्यंत रूढ झाली आहे. या पद्धतीचा मूळ आराखडा, तिचा प्रचलित संक्षेप आणि त्या संक्षेपामुळे निर्माण होणारे दोष यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. मूळ आराखड्यातील जे टप्पे गटातील दुर्बल घटकाच्या मताला संरक्षण देत होते, नेमके तेच टप्पे व्यवहारात गळाले असून केवळ मतमोजणी शिल्लक राहिली आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गटनिर्णय, प्राधान्यक्रम, मतांकन, सुलभक, सहभाग, सर्वसहमती.

१. प्रास्ताविक

'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण मराठी समाजाच्या सामूहिक निर्णयावरील श्रद्धेची द्योतक आहे. पाच जण जे बोलतील ते देवाचे बोलणे, असे मानण्यामागे एकट्याच्या मनमानीपेक्षा अनेकांचा विचार श्रेयस्कर, ही लोकशाही धारणा आहे. मात्र ते पाच कोण, त्यांच्यात प्रथम कोण बोलले आणि कोणत्या विषयावर बोलण्यास त्यांना सांगितले गेले, हे प्रश्न ती म्हण विचारीत नाही. आधुनिक गटपद्धतींच्या बाबतीतही हीच उणीव आढळते.

महाविद्यालयातील नियोजन-कार्यशाळेचे दृश्य प्राध्यापकवर्गाला अपरिचित नाही. साधनव्यक्ती विषय मांडतात, उपस्थितांकडून सूचना मागविल्या जातात, त्या चार्ट पेपरवर लिहिल्या जातात आणि अखेरीस प्रत्येकास तीन किंवा पाच टिकल्या देऊन त्या आपल्या पसंतीच्या सूचनांसमोर चिकटविण्यास सांगितले जाते. टिकल्यांची मोजणी होते, पहिल्या पाच सूचना वाचून दाखविल्या जातात आणि 'सर्वानुमते प्राधान्यक्रम निश्चित करण्यात आला' अशी नोंद इतिवृत्तात होते. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या दृष्टीने ही नोंद मोलाची असते, कारण तिच्यातून नियोजनातील सहभागाचा पुरावा उपलब्ध होतो. परंतु जे घडले ते 'सर्वानुमते' घडले काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी पद्धतीच्या उगमाकडे जाणे आवश्यक ठरते.

२. पद्धतीचा उगम आणि मूळ आराखडा

गटाने एकत्र बसून मुक्तपणे कल्पना मांडाव्यात, या विचारमंथनाच्या तंत्राचा प्रसार अमेरिकन जाहिरात-व्यावसायिक अॅलेक्स ऑसबोर्न यांनी केला. त्यांचा 'अप्लाइड इमॅजिनेशन' हा ग्रंथ १९५३मध्ये प्रसिद्ध झाला. मंथनाच्या वेळी टीका करू नये व संख्येवर भर द्यावा, हे त्यांचे प्रमुख नियम होते. परंतु १९५८मध्ये येल विद्यापीठातील टेलर, बेरी व ब्लॉक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगळेच चित्र दिसले. एकत्र बसून मंथन करणाऱ्या चौघांपेक्षा, स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या चौघांच्या एकत्रित केलेल्या कल्पना संख्येने अधिक भरल्या. जे केवळ नावापुरते गट आहेत, प्रत्यक्षात एकमेकांशी बोललेले नाहीत, अशांना 'नाममात्र गट' ही संज्ञा मिळाली. पुढे १९८७मध्ये डील व श्ट्रोबे यांनी या घटनेचे प्रमुख कारण दाखवून दिले. गटात एका वेळी एकच व्यक्ती बोलू शकते. आपली पाळी येईपर्यंत इतरांची विचारप्रक्रिया खुंटते.

या पार्श्वभूमीवर आंद्रे डेलबेक व अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी 'नॉमिनल ग्रुप टेक्निक' अर्थात नाममात्र गटतंत्र विकसित केले. त्याची मांडणी १९७१च्या लेखात व पुढे डेव्हिड गुस्टाफसन यांच्यासमवेत लिहिलेल्या १९७५च्या ग्रंथात आढळते. या तंत्राचे सहा टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिल्या टप्प्यात प्रत्येक जण मौन पाळून आपल्या कल्पना कागदावर लिहितो. दुसऱ्या टप्प्यात क्रमाक्रमाने प्रत्येकाकडून एकेक कल्पना घेऊन ती सर्वांना दिसेल अशी नोंदविली जाते. तिसऱ्या टप्प्यात प्रत्येक कल्पनेचा अर्थ स्पष्ट केला जातो. चौथ्यात प्रत्येक जण काही मोजक्या कल्पना निवडून त्यांना स्वतंत्र कार्डावर क्रमांक देतो. पाचव्यात या प्राथमिक मतदानावर चर्चा होते आणि सहाव्यात अंतिम मतदान होते. गट साधारणपणे पाच ते नऊ जणांचा असावा, अशी शिफारस आहे.

या सहा टप्प्यांत मतदानाला स्वतःचे असे स्वतंत्र महत्त्व नाही, ही बाब लक्षणीय आहे. मौनलेखनामुळे संकोची सदस्यालाही लिहिता येते. क्रमवार नोंदणीमुळे ज्येष्ठाच्या दहा आणि कनिष्ठाच्या दोन कल्पनांना एकाच रांगेत स्थान मिळते. कार्डावरील खाजगी क्रमांकनामुळे मताला भीतीपासून संरक्षण लाभते. प्राथमिक मतदानावरील चर्चेमुळे आकडे पाहून पुन्हा विचार करण्यास अवकाश राहतो.

३. संक्षेपात काय गळाले

प्रचलित कार्यशाळांतील व्यवहार या आराखड्याशी ताडून पाहिल्यास संक्षेपाचे स्वरूप स्पष्ट होते. मौनलेखनाऐवजी 'बोला, कोणाला काय सुचते?' असे आवाहन केले जाते. साहजिकच प्रथम विभागप्रमुख, नंतर ज्येष्ठ प्राध्यापक बोलतात. तासिका तत्त्वावर काम करणारा तरुण अध्यापक, ज्याची पुढील वर्षाची नेमणूक समोर बसलेल्यांच्याच शिफारशीवर अवलंबून असते, तो बहुधा शेवटी बोलतो किंवा बोलतच नाही. शिक्षकेतर कर्मचारी व विद्यार्थी प्रतिनिधी यांना अनेकदा निमंत्रणच नसते. खाजगी कार्डाची जागा भिंतीवरील टिकल्यांनी घेतली आहे. प्राथमिक व अंतिम अशी दोन मतदाने न होता वेळेअभावी एकच होते.

यादीची सफाई हा याहून सूक्ष्म परंतु अधिक परिणामकारक टप्पा होय. चाळीस सूचना आल्या की साधनव्यक्ती 'सारख्या' सूचना एकत्र करतात. कोणत्या सूचना सारख्या, हे ठरविण्याचा अधिकार तेथे कोणीही मागितलेला नसतो व कोणीही दिलेला नसतो. तो केवळ स्केच पेन हातात असल्यामुळे प्राप्त होतो. या संदर्भात जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेली 'केजे पद्धत' उद्बोधक आहे. नेपाळमधील क्षेत्रकार्य व ग्रामविकासाच्या कार्याशीही त्यांचे नाव निगडित असून १९८४मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला. त्यांच्या पद्धतीत कार्डांचे गट आधी ठरविलेल्या वर्गवारीनुसार पाडावयाचे नसतात, तर कार्डांच्या आशयातूनच ते सिद्ध व्हावे लागतात. आणि जे कार्ड कोणत्याच गटात बसत नाही ते बळाने कोठेही न कोंबता तसेच एकटे ठेवावयाचे असते. एकट्या कार्डाला असलेला हा मान प्रचलित यादी-सफाईत उरलेला नाही.

उदाहरणादाखल तीस प्राध्यापकांची एक सभा कल्पिता येईल. प्रत्येकास एकच मत आहे. विद्यार्थिनींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती, तेथील पाण्याची सोय आणि विद्यार्थिनी कक्ष या तीन सूचना स्वतंत्र लिहिल्या गेल्या व त्यांना अनुक्रमे ६, ५ व ५ मते मिळाली. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेस ८ व क्रीडासाहित्यास ६ मते मिळाली. निकालात ध्वनियंत्रणा प्रथम आली. वस्तुतः तिसांपैकी सोळा जणांनी, म्हणजे बहुमताने, विद्यार्थिनींच्या सोयींना कौल दिला होता. त्या तीन सूचना एकत्र केल्या असत्या तर निकाल उलटला असता. मात्र एकत्रीकरण हाही निर्दोष उपाय नव्हे. 'विद्यार्थिनी सुविधा' अशा ढोबळ शीर्षकाखाली पाण्याची निकड लुप्त होऊन निधी कक्षाच्या फर्निचरवर खर्ची पडू शकतो. तात्पर्य, मतदानापूर्वी यादी ज्याच्या हाती, त्याच्या हाती निकालाचा मोठा भाग असतो.

४. मोजणीच्या नियमाचा निकालावर होणारा परिणाम

यादी निर्दोष आहे असे गृहीत धरले तरी मोजणीचा प्रश्न उरतो. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोर्डा यांनी १७७०मध्ये क्रमाधिष्ठित गुणांची पद्धत अकादमीपुढे मांडली, तर काँदोर्से यांनी १७८५च्या ग्रंथात पर्यायांची जोडी-जोडीने तुलना करण्याचा आग्रह धरला. पंधरा जणांच्या समितीपुढे ग्रंथालय, प्रयोगशाळा व क्रीडांगण असे तीन पर्याय आहेत, असे समजू. सहा जणांचा क्रम ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडांगण असा आहे. पाच जणांचा क्रम क्रीडांगण, प्रयोगशाळा, ग्रंथालय असा, तर चौघांचा प्रयोगशाळा, क्रीडांगण, ग्रंथालय असा आहे.

केवळ पहिली पसंती मोजल्यास ग्रंथालय ६ मतांनी विजयी होते व प्रयोगशाळा ४ मतांसह शेवटी राहते. शेवटचा पर्याय वगळून दुसरी फेरी घेतल्यास क्रीडांगण ९ विरुद्ध ६ असे जिंकते. पहिल्या क्रमांकास २, दुसऱ्यास १ व तिसऱ्यास शून्य गुण दिल्यास प्रयोगशाळेस १९, क्रीडांगणास १४ व ग्रंथालयास १२ गुण पडतात. जोडी-जोडीने तुलना केल्यास प्रयोगशाळा ग्रंथालयास ९ विरुद्ध ६ व क्रीडांगणास १० विरुद्ध ५ असे पराभूत करते. पंधराही सदस्यांचे मत यत्किंचितही बदललेले नसताना केवळ नियम बदलल्याने तीन निरनिराळे विजेते मिळतात. तीन वा अधिक पर्याय असताना व्यक्तिगत क्रमांतून सामूहिक क्रम काढणारी कोणतीही पद्धत काही मोजक्या वाजवी अटी एकाच वेळी पूर्ण करू शकत नाही, हे केनेथ अॅरो यांनी १९५१मध्ये सिद्ध केले आहे. त्यामुळे निर्दोष नियमाची अपेक्षा करणे व्यर्थ असले, तरी कोणता नियम व का निवडला, हे आधी सांगणे मात्र शक्य असते.

टिकल्यांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत संभवते. प्रत्येकास तीन टिकल्या असून त्या एकाच सूचनेवर लावण्याची मुभा असल्यास, आठ जणांच्या एकमुखी गटाच्या २४ टिकल्या वीस जणांनी प्रत्येकी एक याप्रमाणे दिलेल्या २० टिकल्यांवर मात करतात. हे नेहमीच अन्यायकारक असते असे नाही. लहान गटाची तीव्र गरज व्यक्त होण्यास हीच मुभा उपयोगी पडते. परंतु एकाच विभागातील आठ जणांनी चहाच्या वेळेत आपसांत ठरवून टिकल्या लावल्या, की तीच मुभा गटबाजीचे साधन बनते. व्याप्ती मोजावयाची की तीव्रता, याचा निर्णय न करताच मोजणी केली जाते, हा येथील मूळ दोष होय.

५. उघड मतदान आणि अधिकाराची छाया

भिंतीवरील टिकल्या सर्वांना दिसतात. प्रारंभी लागलेल्या टिकल्यांकडे पाहून नंतरचे मतदार आपले मत बनवितात. सॉलोमन अॅश यांच्या १९५०च्या दशकातील प्रयोगांत रेषांच्या लांबीसारख्या उघड दिसणाऱ्या बाबतीतही सुमारे तीन चतुर्थांश व्यक्तींनी किमान एकदा इतरांच्या चुकीच्या उत्तरास दुजोरा दिला होता. सॅल्गानिक, डॉड्स व वॉट्स यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सुमारे १४,००० व्यक्तींचा समावेश असलेल्या प्रयोगात, अपरिचित गीतांना इतरांनी दिलेली पसंती श्रोत्यांना दाखविताच लोकप्रियतेतील विषमता वाढली आणि कोणते गीत अग्रस्थानी येईल हे सांगणेही अधिक कठीण झाले. जेथे परस्परांची ओळख नव्हती तेथे ही स्थिती, तर जेथे प्राचार्यांची टिकली कोठे लागली हे सर्वांना दिसते तेथे काय होईल, याची कल्पना करता येते.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा आठवतो. राजकारणात प्रत्येक व्यक्तीच्या मताचे मूल्य समान असेल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात ते समान नसेल, ही विसंगती त्यांनी निदर्शनास आणली होती. कार्यशाळेतील समान टिकल्यांचे वाटप ही त्याच विसंगतीची छोटी प्रतिकृती होय. टिकल्या समान असतात. त्या लावण्याचे धैर्य समान नसते.

६. ग्रामीण सहभागाचा अनुभव

महाविद्यालयाबाहेर या पद्धतींचा सर्वाधिक वापर ग्रामविकासाच्या क्षेत्रात झाला. रॉबर्ट चेंबर्स यांच्या लेखनातून प्रसार पावलेल्या 'सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन' पद्धतीत बिया वा खडे मांडून गरजांचा क्रम लावला जातो. निरक्षर व्यक्तीलाही आपले मत मांडता यावे, हा त्यामागील हेतू निःसंशय स्तुत्य आहे. मात्र पश्चिम भारतातील भिल्ल आदिवासी भागात राबविण्यात आलेल्या कोरडवाहू शेती प्रकल्पाच्या अनुभवावरून डेव्हिड मॉस यांनी १९९४मध्ये दाखवून दिले की, असे सार्वजनिक कार्यक्रम गावातील प्रतिष्ठितांना अनुकूल ठरतात. ज्या वेळी व ज्या जागी ते होतात तेथे स्त्रियांना येणे व बोलणे कठीण असते. परिणामी काही मोजक्यांचे हितसंबंध 'गावाची गरज' या नावाने नोंदविले जातात. २००१मध्ये कुक व कोठारी यांनी संपादित केलेल्या ग्रंथात तर सहभागालाच नवी जुलूमशाही म्हणावे काय, असा प्रश्न उपस्थित करण्यात आला. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, तिचे मर्म या टीकेच्या प्रकाशात अधिक चांगले उमगते. मतदानापूर्वी निर्भय बोलण्याची जागा निर्माण करणे, हाच तिचा हेतू होय.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घेतले जातात. सहमती न झाल्यास विषय पुढील सभेपर्यंत थांबतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेखेरीज तेथे अभ्यासगट आहेत, जेथे बाहेरच्या जाणकारांसह चर्चा होते परंतु निर्णय होत नाही. समजून घेण्याची आणि ठरविण्याची जागा अशा प्रकारे अलग ठेवली गेली. २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क प्राप्त करणाऱ्या देशातील अगदी आरंभीच्या गावांत मेंढ्याची गणना होते. अर्थात, परस्परांशी दीर्घकाळ जोडलेल्या लहान गावाचा हा मार्ग शंभर प्राध्यापकांच्या एकदिवसीय कार्यशाळेस जसाच्या तसा लागू पडणार नाही. शिवाय सर्वसहमतीतही मौन हीच संमती समजली जाण्याचा धोका असतोच. मात्र आकलन व निर्णय यांत अंतर ठेवण्याचे तत्त्व कोणत्याही संस्थेस स्वीकारता येण्यासारखे आहे.

७. मतांकनाची उपयुक्तता आणि मर्यादा

या चिकित्सेचा अर्थ मतांकन त्याज्य आहे असा नव्हे. मतांकन नसते तर निर्णय एकतर वरिष्ठांच्या कक्षात झाला असता किंवा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने झाला असता. 'बळी तो कान पिळी' या अवस्थेपेक्षा सदोष मोजणी केव्हाही बरी. वेळेची बचत होते, मूक सदस्याचे एक मत तरी नोंदले जाते आणि पुढे संस्थेस जाब विचारण्यासाठी एक लेखी आधार तयार होतो, हे तिचे गुण नाकारता येणार नाहीत.

तथापि मतांकनाच्या कक्षेत कोणते विषय येऊ शकतात, हा प्रश्न पद्धतीच्या पुरस्कर्त्यांकडून क्वचितच विचारला जातो. चाकाच्या खुर्चीवरून येणारा एखादाच विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयात उतरत्या मार्गाच्या सूचनेला किती टिकल्या पडतील? गरज एकाची व मते अनेकांची, या गणितात ती सूचना वर्षानुवर्षे यादीच्या तळाशी राहणार. परंतु दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये ती सोय त्या विद्यार्थ्याचा हक्क आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती हीदेखील २०१३च्या कायद्यानुसार अनिवार्य आहे. जे हक्काचे आहे ते पसंतीच्या यादीत घालणे, म्हणजे हक्काला याचनेच्या पातळीवर आणणे होय. अशी सूचना मतदानात पराभूत झाली की 'सर्वांनीच तिला प्राधान्य दिले नाही' असे समर्थन संस्थेस आयते लाभते, आणि येथेच ही पद्धत सर्वाधिक अपायकारक ठरते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कायद्याने व मूलभूत गरजेने अनिवार्य असलेल्या बाबी मतांकनाच्या यादीतून प्रारंभीच वेगळ्या काढून त्यांची थेट तरतूद करणे आवश्यक आहे.

२) तोंडी आवाहनापूर्वी किमान दहा मिनिटांचे मौनलेखन असावे व कल्पना क्रमवार घेतल्या जाव्यात.

३) दोन सूचनांचे एकत्रीकरण त्या सूचना मांडणाऱ्यांच्या संमतीनेच व्हावे; जी सूचना कोणत्याच गटात बसत नाही ती स्वतंत्र राहावी.

४) मोजणीचा नियम मतदानापूर्वी जाहीर व्हावा आणि मतदान गुप्तपणे व एकाच वेळी व्हावे.

५) पहिल्या मतदानाचा निकाल हा चर्चेचा आरंभ मानला जावा. एखाद्या सूचनेवर काहींचा तीव्र आग्रह व काहींचा पूर्ण नकार दिसत असल्यास त्याचे कारण समजून घेतल्यानंतरच अंतिम मतदान व्हावे.

६) इतिवृत्तात संपूर्ण यादी, प्रत्येक सूचनेस मिळालेली मते व निकाल बंधनकारक आहे की सल्लावजा, याची नोंद असावी. न निवडलेल्या सूचनांची नोंद राहिली तरच पुढील वर्षी त्यांचा पाठपुरावा शक्य होतो.

यांपैकी कोणत्याही सूचनेसाठी अतिरिक्त निधी वा साधनांची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती सुमारे तासाभराच्या अधिक वेळेची व यादी दुसऱ्याच्या हाती देण्याच्या तयारीची. डेलबेक व व्हॅन डी व्हेन यांनी मौनाला पहिला टप्पा मानले होते, ते गटातील प्रत्येकाचे बोलणे कानी पडावे म्हणून. ते मौन वगळून केवळ टिकल्या मोजल्या, तर पाचामुखी बोलणारा परमेश्वर नसून त्या पाचांतील पहिला वक्ता असतो. 'सर्वानुमते' हा शब्द इतिवृत्तात लिहिण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने एवढी शहानिशा करणे अगत्याचे आहे.